बिग ब्लाईंडची वही: सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

आजपासून ही वही सुरू. २२ ऑगस्टला ऑनलाईन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशाचे ऑनलाईन खेळ बंद झाले, त्यामुळे रात्री जेवण उरकून लॅपटॉपवर पोकरची टूर्नामेंट लावायची दोन वर्षांची सवय एकदम सुटली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खेळलेल्या हातांच्या फाईली मी वेळेत उतरवून ठेवल्या होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये दादा आणि मी गोव्याला जाणार आहोत, मांडवीतल्या एका जहाजावर टूर्नामेंट आहे ती खेळायची आहे. मधल्या दोन महिन्यांत दहा गोष्टी अर्धवट करण्यापेक्षा एकच नीट करायची ठरवली. बिग ब्लाईंडचा बचाव. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच सक्तीचे पैसे भरावे लागतात, अर्धे भरतो तो स्मॉल ब्लाईंड, पूर्ण भरतो तो बिग ब्लाईंड; ते उचलायला कुणी आलं की सोडायचं का लढायचं, हा तो बचाव.

हीच का, तर आज ट्रॅकरमध्ये (खेळलेल्या हातांचे आकडे काढणारं सॉफ्टवेअर) फिल्टर लावला: आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेत, कटऑफ, बटन (बटन म्हणजे वाटणाऱ्याची जागा, स्मॉल ब्लाईंडच्या लगेच आधीची; कटऑफ त्याच्याही आधीची) किंवा स्मॉल ब्लाईंडनं पहिला रेझ केलाय, म्हणजे रक्कम वाढवलीय, आणि मी बिग ब्लाईंडला. यालाच सगळे चोरी म्हणतात, कारण मागे माणसं थोडी उरलेली असतात आणि पत्ते चांगले नसले तरी ब्लाईंड आणि अँटी (ब्लाईंडशिवायचं आणखी एक सक्तीचं भरणं) उचलून न्यायला रेझ होतो. अशा वेळी मी ६३ टक्के वेळा फोल्ड केलंय, म्हणजे पत्ते टाकलेत. शंभरात त्रेसष्ट! मला कायम वाटायचं की मी बऱ्यापैकी लढते. आकडा दोनदा काढून बघितला, तोच येतो.

१४ सप्टेंबर, रविवार

आज फक्त किंमत. दिवसभर फाउंड्रीत कॉस्टिंगच करते (शिरोली एमआयडीसी), एका किलो कास्टिंगमागे किती पैसे वाचले ते मला झोपेतही सांगता येतं, आणि पत्त्यांत मात्र हे कधी कागदावर मांडलंच नव्हतं.

लाईव्ह टूर्नामेंटला आता बिग ब्लाईंड अँटीच असते बहुतेक ठिकाणी, म्हणजे सगळ्या टेबलाची अँटी बिग ब्लाईंडवाला एकटाच भरतो, एका ब्लाईंडएवढी. म्हणजे कुणी काही करायच्या आधीच मध्ये अडीच ब्लाईंड पडलेले असतात, अर्धा स्मॉलचा, एक माझा आणि एक अँटीचा. बटननं दोन ब्लाईंडचा रेझ केला, स्मॉलनं टाकलं, की मध्ये साडेचार झाले आणि मला अजून भरायचाय फक्त एक. भरला, म्हणजे कॉल केला, की पॉट (मधली सगळी रक्कम) साडेपाच. एक भागिले साडेपाच, १८.२ टक्के. म्हणजे पाचात एकदा जरी तो पॉट माझ्याकडे आला तरी कॉलचे पैसे वसूल.

रेझ अडीचचा असेल तर दीड भरून साडेसहाचा पॉट, २३.१ टक्के लागतात. तिप्पट असेल तर दोन भरून साडेसातचा, २६.७. आणि अँटी नसेल तेव्हा तिप्पटला ३०.८ टक्के, तिथं फोल्ड जास्त होणं बरोबरच आहे. माझा घोटाळा इथंच असणार, मी पोकर शिकले तेव्हा मित्रांच्या घरी अँटीच नसायची आणि सगळे तिप्पट रेझ करायचे, तिथली सवय अंगात राहिली.

सत्ती-दुर्री वेगवेगळ्या रंगाची (रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर), सगळ्यात फालतू म्हणून जिची ख्याती, तीसुद्धा एक्का-राजासमोर टेबलावरची सगळ्यांची पाचही पानं उघडेपर्यंत तीनात एकदा जिंकते. मग १८ टक्केच लागत असतील तर काहीही आलं तरी कॉल करावा का? नाही, पण का नाही हे मला आज नीट सांगता येत नाहीये. पुढच्या रविवारी.

१७ सप्टेंबर, बुधवार

थोडक्यात. चोराच्या बाजूनं गणित. तो दोन ब्लाईंड घालतो अडीच उचलायला. दोन भागिले साडेचार, ४४.४ टक्के वेळा आम्ही दोघांनी टाकलं तरी त्याचं नुकसान नाही, आणि त्याहून जास्त वेळा टाकलं तर त्यानं हातातले पत्ते बघितले नाहीत तरी चालतं. मी एकटीच ६३ टक्के टाकते, आणि स्मॉल ब्लाईंडवाला तर बहुतेक वेळा टाकतोच. म्हणजे माझ्या उजव्या हाताला जे जे बसले त्यांना मी दोन वर्षं रोज फुकट वाटत होते. रात्री झोपताना हेच डोक्यात होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज घरी प्रयोग. दादाकडे गेले, वहिनीनं डब्यातले चिंचोके काढून दिले (चिपांपेक्षा बरे पडतात, हातात घेतले की वजन लागत नाही आणि हरवले तरी दुःख नाही), आई बाजूला पालक निवडत बसलेली.

नियम असा केला की मला दरवेळी राजा-चौकी वेगवेगळ्या रंगाची, आणि दादाला उरलेल्या गड्डीतून दोन पानं, पण बटनवर जे खेळण्यासारखं नाही ते आलं तर परत वाटायचं. आधी ४० डाव नुसते उघडायचे, बेटिंग नाही. मग ४० डाव खरं खेळायचं, दोघांकडे पन्नास-पन्नास चिंचोके, तो बटन, मी बिग ब्लाईंड.

नुसतं उघडलं तेव्हा मी १६ जिंकले. खेळायला लागलो तेव्हा ११. पत्ते तेच! चाळीस डाव म्हणजे काहीच नाही, नशिबाचा भाग त्यात मोठा आहे हे मलाही कळतं, पण आकड्यापेक्षा काय घडत होतं ते बघण्यासारखं होतं. फ्लॉपला (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं; चौथं टर्न, पाचवं रिव्हर) मला काही लागलं नाही, मी चेक (काही न लावता पुढे), दादा दोन-तीन चिंचोके पुढे सरकवणार, मी टाकणार. आणि नुसतं उघडलं असतं तर त्यातल्या बऱ्याच डावांत टर्न-रिव्हरला माझा राजा किंवा चौकी येत होती. ती पानं मी बघायच्या आधीच उठून जात होते.

आई मेंढीकोटमध्ये कुणाला ऐकत नाही. पालक निवडतानिवडता म्हणाली, "तुझ्या पानांत काही वाईट नाही गं, पण उतारी कायम तुझीच आहे, तो तुझं बघून मग बोलतोय." एवढ्या साध्या शब्दांत मला कुठल्या व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. फ्लॉपनंतर बिग ब्लाईंडला आधी बोलावं लागतं (समोर स्मॉल ब्लाईंड असेल तर सोडून), त्यामुळे पत्त्यांची कागदावरची टक्केवारी पूर्ण हातात पडत नाही, काही पत्त्यांची निम्मी-पाऊणच पडते.

आणि ती कुणाची किती पडते यात फार फरक आहे, आजच्या दिवसाची खरी कमाई ही. एकाच रंगाचे दोन पत्ते असले की फ्लॉपला साधारण ११ टक्के वेळा चार पानांचा रंग तयार होतो (पाचवं त्याच रंगाचं आलं की हात मोठा), लागून असलेल्या पानांना सिक्वेन्सची आशा मिळते, म्हणजे फ्लॉप चुकला तरी थांबायला कारण मिळतं. राजा-चौकीला तसं कारण मिळत नाही, तिला जोडी लागली तर लागली, आणि जोड नसलेल्या कुठल्याही दोन पानांना फ्लॉपला जोडी किंवा त्याहून चांगलं लागायचं प्रमाण ३२ टक्केच आहे. म्हणून इस्पिकची अठ्ठी-पंजी मी दुप्पट रेझला डोळे झाकून खेळेन आणि वेगवेगळ्या रंगाची गुलाम-दुर्री टाकून देईन, जरी नुसतं उघडून बघितलं तर गुलाम-दुर्री काही फार मागे नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद मोठी होणार. आठवडाभर रात्री जुने हात एकेक करून बघितले, बिग ब्लाईंडविरुद्ध बटन एवढेच, आणि एक्सेलमध्ये प्रत्येकापुढे तीन रकाने केले: रेझ केवढा, त्याच माणसानं माझ्यावर केलेला कितवा रेझ, आणि मी काय केलं.

दुसऱ्या रकान्यात हे निघेल असं वाटलं नव्हतं. त्या माणसाचा पहिला रेझ, फोल्ड. दुसरा, फोल्ड. तिसरा किंवा चौथा आला की मी अचानक थ्री-बेट (त्याच्या रेझवर माझा रेझ) किंवा थेट ऑल-इन (सगळ्या चिपा पुढे), आणि हातात राणी-तिर्री, दश्शी-पंजी असले पत्ते. म्हणजे पहिल्या दोनदा ज्या पत्त्यांचा कॉल सरळसरळ फायद्याचा होता ते मी टाकले आणि तिसऱ्यांदा जे टाकायचे ते खेळले. पत्ते बघून मी खेळतच नव्हते, राग किती साठलाय ते बघून खेळत होते. "हा माझं चोरतोय" हे डोक्यात पक्कं झालं की हात पुढे.

आणि तो चोरत होता का? ज्या २३ डावांत शेवटी त्याचे पत्ते उघडले त्यातले मला चोरीचे वाटलेले १४ (त्या वेळी मी नोट लिहायचे, ती नोट आहे). त्या १४ पैकी ६ वेळा त्याच्याकडे मोठी जोडी किंवा मोठा एक्का होता. बटनवाल्यानं अर्धे पत्ते खेळले तरी त्या अर्ध्यात एक्का-एक्का असतोच ना. १३२६ प्रकारे दोन पानं येतात, ४५ टक्के म्हणजे जवळपास ६०० प्रकार, आणि त्यातल्या ७८ तर नुसत्या जोड्या. तिसऱ्यांदा सलग रेझ केला म्हणून त्या ७८ कमी होत नाहीत.

संशय कामाचा नाही असं माझं म्हणणं नाही. पण तो माणसाच्या तोंडाकडे बघून यायला नको, जागेवरून यायला हवा. पुढच्या खुर्चीतून, मागे आठ जण बाकी असताना कुणी रेझ केला तर त्याचे पत्ते साधारण सहा-सात हातांतून एक अशा दर्जाचे असतात, बटनवरून केला तर जवळजवळ दोनातून एक. हा फरक प्रत्येक टेबलावर, प्रत्येक माणसाला लागू आहे, त्यासाठी तीनदा लुटून घ्यायची गरज नाही. पहिल्याच रेझला कॉल करायचा होता.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं: कितवा रेझ ते मोजायचं नाही, कुठून आणि केवढा तेवढंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटून झाल्यावर संध्याकाळी तास-दीड तास सॉल्व्हर (कुठल्या हाताला काय करणं बरोबर ते काढणारं सॉफ्टवेअर). ४० ब्लाईंडचा स्टॅक (हातातल्या चिपा), बटनचा दुप्पट रेझ, अँटी धरून. बिग ब्लाईंड तीन चतुर्थांशाहून जास्त हात खेळतो, टाकतो ते अगदी तळाचे. पहिल्यांदा खेळायच्या हातांचं ते चित्र बघितलं की चुकीचं वाटतं, सगळा चौकोन रंगलेला. १४ सप्टेंबरच्या गणितानंतर मला नाही वाटलं. एका रंगाचे जवळपास सगळेच खेळतो हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

फ्लॉप. कॉल वाढवला की पुढचं संकट हेच, दादाबरोबर चिंचोक्यांवर तेच दिसलं होतं.

दुप्पट रेझ, माझा कॉल, पॉट साडेपाच. समोरचा फ्लॉपला सवयीनं तिसरा हिस्सा लावतो, १.८ धरा. त्याला तो बेट नुकसानीत जाऊ नये म्हणून मी फक्त चारात एकदा टाकायला हवं, १.८ भागिले ७.३. आणि मी जुन्या हातांत किती टाकलंय, अर्ध्याहून जास्त! म्हणजे दारात थोडं फार अडवलं आणि आत आल्यावर तिजोरीची किल्ली दिली.

तर आता छोट्या बेटला काय काय ठेवायचं: कुठलीही जोडी, अगदी तळाची दुर्रीची पण, सिक्वेन्सची आशा, मधलं एकच पान हवं असलं तरी, एक्का वर आणि मागून रंग जुळायची शक्यता. आणि खालचे, एकमेकांना लागून असलेले फ्लॉप, सत्ती-छक्की-चौकी असले, हे माझे. बटनकडे ते कमी असतात आणि माझ्याकडे छक्की-पंजी, सत्ती-चौकी सगळं असतं कारण मी स्वस्तात आत आलेली असते. तिथं चेक-रेझ करायचा (आधी चेक, त्यानं लावले की रेझ), चांगल्या हातांनी आणि थोडा आशेच्या हातांनी. एक्का-राजा-काहीतरी असा फ्लॉप आला तर तो त्याचा, तिथं हट्ट नको.

हे लिहायला सोपं आहे, करताना पोटात गोळा येतो. चेक-रेझची चिप पुढे ठेवताना हात थरथरतो हे मी दादाकडे चिंचोके ठेवतानाही बघितलंय, आणि ते चिंचोके होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

छोटा स्टॅक. टूर्नामेंटचा अर्धा वेळ माणूस १२ ते २० ब्लाईंडवरच असतो, तेव्हा कॉल करून फ्लॉप बघत बसणं सगळ्याच पत्त्यांना परवडत नाही, तिथं उलटी चोरी, थेट ऑल-इन.

एक हात पूर्ण मांडते. डाव सुरू होताना माझ्याकडे १६ ब्लाईंड, अँटीचा एक गेला, उरले १५, त्यातला एक ब्लाईंड म्हणून पुढे आहे. (हे विसरायचं नाही, लाईव्हला आपण स्टॅक मोजतो आणि अँटी वजा करायची राहते.) बटनचा रेझ २.२. मध्ये ४.७. माझ्याकडे किल्वरची एक्का-पंजी. मी ऑल-इन केलं आणि त्यानं टाकलं तर ४.७ माझे. त्यानं कॉल केला तर पॉट साडेएकतीस, त्याच्या कॉलच्या पत्त्यांसमोर मला ३६ टक्के धरले तर हातात येतात ११.३, घातलेत १४, म्हणजे २.७ चा तोटा. बटन ४५ टक्के उघडतोय आणि त्यातल्या एक तृतीयांशानंच कॉल करतोय असं धरलं तर दोन तृतीयांश वेळा ४.७ मिळाले आणि एक तृतीयांश वेळा २.७ गेले, सरासरी सव्वादोन ब्लाईंड फायदा. एका डावात! १६ च्या स्टॅकला सव्वादोन म्हणजे काय कमी आहे.

पण हे सगळं त्याच्या टाकण्यावर उभं आहे. एकदा रेझ केला की पत्ते न सोडणारे असतात काही जण, त्यांच्यासमोर हेच ऑल-इन तोट्यात जातं, आणि त्यांच्यासमोर राजा-राणी, मधल्या जोड्या असले हात चांगले, एक्का-पंजी नव्हे. संशयाचा खरा उपयोग मला इथं दिसतो: हा किती चोरतो यापेक्षा हा चोरी सोडून देतो का, हे बघायचं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि दुपारी घरची टूर्नामेंट, नऊ जण, पैसे नाहीत, चिंचोके आणि जिंकणाऱ्याला चकलीचा डबा. मी मुद्दाम दादाच्या डावीकडे बसले म्हणजे तो बटन असताना त्याच्या समोर माझा बिग ब्लाईंड येत नाही, तर पिंट्याचा येतो (आतेभाऊ, इचलकरंजीला असतो), आणि मला दुसऱ्याचा बचाव बाहेरून बघायला मिळाला.

पिंट्या म्हणजे मी सप्टेंबरमधली. पहिला फोल्ड, दुसरा फोल्ड, तिसऱ्यांदा "आता बास भावा" म्हणून सगळे चिंचोके पुढे, हातात राणी-चौकी. दादाकडे राजांची जोडी. त्याला नंतर बाजूला घेऊन सगळं गणित सांगितलं, किंमत, जागा, पहिला रेझ, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की मला आता ते न बघता सांगता येतंय. तो म्हणाला, "ताई, पण तिसऱ्यांदा रेझ केला तेव्हा राग येणारच की." येणारच. राग आला तरी चार्टमध्ये (खेळायच्या हातांचा तक्ता) राणी-चौकी आहे का एवढंच बघ म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

बबल, म्हणजे बक्षिसांत यायला एखाददुसरा माणूसच बाहेर पडायचा उरलेला असतो ती वेळ. आतापर्यंतचं सगळं चिपांचं गणित होतं, बक्षिसं जवळ आली की चिपा आणि पैसे वेगळे होतात.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण: चार जण उरलेत, बक्षिसं तीन, ५०-३०-२०, चौघांकडे सारख्या चिपा. प्रत्येकाचा हिस्सा २५. आता मला कुणी ऑल-इन केलं, मी कॉल केला आणि जिंकले, चिपा दुप्पट झाल्या, पण हिस्सा दुप्पट होत नाही, ३८.३ होतो (पहिल्या येण्याची शक्यता निम्मी म्हणून २५, दुसऱ्याची एक तृतीयांश म्हणून १०, तिसऱ्याची एक षष्ठांश म्हणून ३.३). हरले तर शून्य. म्हणजे २५ भागिले ३८.३, ६५ टक्के जिंकायला हवं, तिथं पन्नास-पन्नासचा हात म्हणजे नुकसान. मोठ्या टूर्नामेंटच्या बबलला हा ताण एवढा कडक नसतो पण दिशा तीच. ऑल-इनसमोर टाकायचं जास्त. आणि गंमत बघा, हे गणित चोरालाही माहीत असतं, म्हणून बबलला चोऱ्या वाढतात.

पण छोट्या रेझला, माझा सगळा स्टॅक धोक्यात नसताना, कॉल बऱ्यापैकी चालूच राहतो. या दोन गोष्टी मी एकत्र करत होते, बबल म्हटलं की सगळंच फोल्ड.

१५ नोव्हेंबर, शनिवार, पणजी

कोल्हापूरहून पहाटे निघालो, आंबोलीमार्गे, सावंतवाडीला नाश्ता. म्हापशाची मैत्रीण संध्याकाळी जेटीपर्यंत सोडायला आली, तिला आत यायची फार इच्छा होती पण गोव्याच्या लोकांना कॅसिनोत प्रवेश नाही, १ फेब्रुवारी २०२० पासून, त्यामुळे ती जेटीवरूनच परत गेली. एंट्रीचे पैसे वर्षभर वेगळे साठवलेले होते, तेवढेच न्यायचे हा दादाशी झालेला शब्द.

खेळायला लागल्यावर दहा मिनिटांत कळलं की इथं दुप्पट रेझ कुणी करतच नाही. अडीच, तीन, कधी साडेतीन. म्हणजे माझी १८ टक्क्यांची तयारी बाजूला, २३ आणि २७ वाली काढली. वेगवेगळ्या रंगाचे कमकुवत हात लगेच गळले, एका रंगाचे ठेवले. बाई दिसली की ब्लाईंड उचलायला लोक जास्त येतात असं मला वाटलं, पण वाटलं म्हणून काही केलं नाही.

एक हात. ब्लाईंड ५००-१०००, अँटी १०००. अँटी गेल्यावर माझ्याकडे ३१,०००. बटनवर एक काका, पांढरी टोपी, त्यांचा माझ्यावरचा सलग तिसरा रेझ, २५००. स्मॉलनं टाकलं. माझ्याकडे इस्पिकची अठ्ठी-छक्की. मध्ये ५०००, भरायचे १५००. पहिल्या रेझला असती तरी कॉल, तिसऱ्याला पण कॉल. पॉट ६५००.

फ्लॉप बदाम नव्वी, इस्पिक सत्ती, चौकट दुर्री. दोन्ही बाजूंनी सिक्वेन्सची आशा, दश्शी किंवा पंजी, आठ पानं. मी टेबलावर दोन बोटं टेकवून चेक, काकांनी २२०० लावले, मी ६८०० मोजून पुढे ठेवले. हात थरथरला, दिसला असेल कुणाला तर दिसला. काकांनी खूप वेळ माझ्याकडे बघितलं, टोपी मागे सरकवली आणि कॉल केला. पॉट २०,१००. टर्न किल्वर राणी. मी चेक, त्यांनी ९०००.

इथं मला वेळ घ्यायचा होता आणि मी घेतला. आठ पानं ४६ मधली, १७.४ टक्के. ९००० भरून ३८,१०० चा पॉट, २३.६ लागतात. कमी पडतंय. लागलं तर मागचे उरलेले १२,७०० त्यांच्याकडून निघतील का? दरवेळी निघाले असं धरलं तरी हिशेब थोडा तोट्यातच जातो, आणि दरवेळी काही निघणार नाहीत. परत ऑल-इन करून त्यांना टाकायला लावावं असं एकदा मनात आलं, पण राणी त्यांच्या पत्त्यांना बसणारी होती आणि फ्लॉपचा रेझ त्यांनी शांतपणे घेतला होता. टाकले. काकांनी पत्ते दाखवले नाहीत. मला राग आला नाही, खरंच, २१,७०० मोजून रचले आणि पुढच्या डावाकडे बघितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार, परतीच्या वाटेवर

अकरावी आले, बक्षिसं बारा होती. एंट्री निघून थोडं वर.

मला छळतोय तो बबलचा हात. तेरा जण उरलेले, माझ्याकडे ९ ब्लाईंड, अँटी गेल्यावर ८. दोन जण माझ्याहून लहान, एकाकडे जेमतेम तीन. सगळ्यांनी टाकलं, स्मॉल ब्लाईंडचं ऑल-इन, त्याच्याकडे माझ्यापेक्षा खूप जास्त. मला चौकटची राजा-दश्शी. सात भरून सतराचा पॉट, चिपांनी ४१.२ टक्के लागतात. तो काहीही घेऊन करत असेल तर माझे साठच्या आसपास, वरच्या ४० टक्क्यांनी करत असेल तर पन्नाशीला येतात. मी टाकले, तीनवाला पुढच्याच फेरीत गेला. पण तो गेला म्हणून माझा फोल्ड बरोबर ठरत नाही. दादाशी आंबोलीपर्यंत यावर वाद, तो म्हणतो स्मॉल ब्लाईंडला तिथं कुठलेही दोन पत्ते चालतात कारण माझा स्टॅक अडकलेला, म्हणून कॉल. मला अजूनही वाटतं लाईव्हला त्या माणसानं कुठलेही दोन घेऊन केलं नसतं, दोन तासांत त्यानं स्मॉलवरून चार वेळा टाकून दिलेलं मी बघितलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

तो हात आयसीएम कॅल्क्युलेटरमध्ये (चिपांवरून बक्षिसातला हिस्सा काढणारा, २६ ऑक्टोबरला केला तसा हिशेब) घातला, तेरा जणांचे स्टॅक आठवतील तसे. त्याचे पत्ते ४० टक्के धरले तर फोल्ड थोडा पुढे, ७० धरले तर कॉल. मध्ये कुठंतरी रेघ आहे आणि ती त्या माणसावर अवलंबून आहे. दादाला स्क्रीनशॉट पाठवला, त्याचं उत्तर आलं, "म्हणजे दोघंही बरोबर", मला ते पटलेलं नाही.

वहीत स्मॉल ब्लाईंडविरुद्ध बिग ब्लाईंड हे पान अजून कोरंच आहे. तिथं उतारी माझी नाही, समोरच्याला आधी बोलावं लागतं, मग तिप्पट रेझला २८.६ टक्के लागले तरी ते पूर्ण हातात पडायला हवेत, आणि मी जुन्या फिल्टरमध्ये बटन आणि स्मॉल एकत्रच घातले होते. ते वेगळे करायचेत. आईला विचारलं पुढच्या रविवारी बसशील का, म्हणाली येते, पण चिंचोके या वेळी मी मोजून देणार, गेल्या वेळचे सात कमी आलेत.